तीस विरुद्ध तीन : एका एकतर्फी सामन्याचा जमाखर्च

२२ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहरात, कॅमडेन यार्ड्स या मैदानावर, व्यावसायिक बेसबॉलचा एक सामना झाला. पाहुण्या टेक्सस रेंजर्स संघाने तीस धावा केल्या आणि यजमान बॉल्टिमोर ओरिओल्सने तीन. अमेरिकन लीग ही स्पर्धा १९०१ पासून चालू आहे. तेव्हापासून त्या दिवसापर्यंत तिच्यात कोणत्याही संघाने एका सामन्यात तीस धावा केल्या नव्हत्या. बेसबॉलच्या वरच्या श्रेणीत यापेक्षा मोठी धावसंख्या शोधायची तर २९ जून १८९७ पर्यंत मागे जावे लागत होते. त्या दिवशी नॅशनल लीगमध्ये शिकागोने लुइव्हिलचा ३६-७ असा पराभव केला होता.

बॉल्टिमोरच्या सामन्याचे धावपत्रक वाचताना अगदी तळाशी एक नोंद दिसते. वेस लिटलटन या गोलंदाजाच्या नावापुढे 'सेव्ह' लिहिलेला आहे. म्हणजे सत्तावीस धावांच्या फरकाने जिंकलेला सामना त्याने 'वाचवला', असे अधिकृत दप्तर सांगते. या नोंदीची तिकडे भरपूर थट्टा झाली. नियमांच्या मूर्खपणाचे उदाहरण म्हणून ती अजून दिली जाते. माझे मत वेगळे आहे. त्या धावपत्रकातले बाकीचे अवाढव्य आकडे जे सांगत नाहीत, ते हा हास्यास्पद आकडा सांगतो. या लेखाचा पहिला हेतू ते दाखवण्याचा आहे. 'विक्रम' हा शब्द वापरताना आपण कोणाच्या वह्या प्रमाण धरतो, हा पुढचा आणि अधिक गंभीर प्रश्न आहे. तो या सामन्याच्या मागे १८९७ सालापासून उभा आहे.

मी संख्याशास्त्र कुठे शिकलेलो नाही. क्रिकेटच्या जुन्या धावपत्रकांचा नाद मात्र मला तीसेक वर्षांपासून आहे, आणि त्या नादातूनच मी बेसबॉलकडे वळलो. ही वाट वाटते तितकी आडवळणाची नाही, कारण बेसबॉलचे धावपत्रक मुळात क्रिकेटच्या वहीतून निघाले आहे.

चॅडविकची वही

हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सिटर गावी जन्मला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला आला. तो क्रिकेट खेळत असे आणि न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटची वार्तापत्रे लिहीत असे. १८५६ च्या सुमारास बेसबॉलने त्याला पकडले. खेळ वेगवान होता, पण त्याची नीट नोंद कोणी ठेवत नव्हते. चॅडविकने क्रिकेटच्या धावपत्रकाचा साचा घेतला आणि नव्या खेळाला बसेल असा तो बदलला. प्रत्येक फलंदाजाच्या धावा, त्याचे बाद होणे आणि क्षेत्ररक्षकाचे काम अशा रकान्यांतून अमेरिकेत ज्याला 'बॉक्स स्कोअर' म्हणतात ते तयार झाले. फलंदाजीची सरासरी काढण्याची रीतही त्याने रुजवली.

त्याचा सावत्र भाऊ एडविन हा त्याच्याहून वयाने बराच मोठा. इंग्लंडमधल्या कामकरी वस्त्यांच्या आरोग्यावर १८४२ साली प्रसिद्ध झालेला गाजलेला अहवाल त्याचाच. एका भावाने गटारे, रोग आणि मृत्यू मोजले, दुसऱ्याने धावा आणि झेल. मोजले की दोष कोणाचा ते कळते, हा विश्वास दोघांचा सारखा होता. बेसबॉलच्या आकडेवारीतला नैतिक सूर इथून येतो. तिच्यात 'चूक' असा स्वतंत्र रकाना आहे आणि कोणती धाव गोलंदाजाच्या नावे लिहायची व कोणती नाही याचेही नियम आहेत. हा जमाखर्च आहे आणि प्रत्येक धाव कोणाच्या तरी खात्यावर टाकावीच लागते.

खेळ ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. म्हणजे पूर्ण सामना संपवायला क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने सत्तावीस गडी बाद करायचे. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. मी त्याला गोलंदाजच म्हणेन. एकदा बदललेला गोलंदाज त्या सामन्यात परत येत नाही. एखाद्या सामन्यात एका संघाच्या साधारण चार-पाच धावा होतात. या हिशेबात तीस हा आकडा किती मोठा, ते लक्षात यावे.

चार डाव

त्या दिवशी ओरिओल्सच्या गोटात वातावरण चांगले होते. डेव्ह ट्रेम्ब्ली जूनपासून हंगामी व्यवस्थापक म्हणून काम पाहत होता. पुढच्या वर्षीही तोच राहणार, असे संघाने त्याच दिवशी जाहीर केले. सामनाही चांगला सुरू झाला. तीन डाव झाले तेव्हा ओरिओल्स ३-० असे पुढे होते.

मग रेंजर्सच्या चौथ्या डावात पाच धावा झाल्या. पाचव्यात शून्य, सहाव्यात नऊ, सातव्यात पुन्हा शून्य, आठव्यात दहा आणि नवव्यात सहा. म्हणजे तीसच्या तीस धावा चार डावांत झाल्या आणि उरलेल्या पाच डावांत एकही झाली नाही. '३०-३' या आकड्यावरून सतत चाललेल्या मारझोडीचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात तीन तास चाललेल्या त्या खेळात लांबलचक शांत पट्टे होते. शिकागोचा १८९७ चा सामना याच्या नेमका उलटा. तिथे नऊही डावांत धावा झाल्या होत्या.

रेंजर्सनी एकोणतीस फटके आणि सहा होमरन मारले. मार्लन बर्ड आणि ट्रॅव्हिस मेटकाफ यांनी तिन्ही बेसवर गडी उभे असताना प्रत्येकी एक होमरन मारला. चमत्कारिक भाग फलंदाजीच्या क्रमात तळाशी होता. आठव्या आणि नवव्या क्रमांकावर सहसा दुबळे फलंदाज असतात. त्या दिवशी तिथे जॅरॉड साल्टलामाकिया आणि रामोन व्हास्केझ होते. दोघांनी प्रत्येकी दोन होमरन मारले आणि प्रत्येकी सात धावा घडवून आणल्या. तीसपैकी चौदा धावा शेपटाने मिळवल्या.

साल्टलामाकिया या संघात तीन आठवड्यांपूर्वीच आला होता. ३१ जुलैला रेंजर्सनी मार्क टेशेरा हा आपला मोठा फलंदाज अटलांटाला देऊन टाकला आणि बदल्यात जे तरुण खेळाडू घेतले, त्यांत हा होता. त्याच दिवशी एरिक गान्ये हा नावाजलेला गोलंदाज बॉस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात आलेल्यांपैकी एक केसन गॅबार्ड. तीस धावांच्या सामन्यात विजयी गोलंदाज म्हणून नाव लागले ते या गॅबार्डचे. म्हणजे हा विक्रम करणारा संघ चालू हंगामावर पाणी सोडून पुढच्या वर्षांची तयारी करत होता. हंगाम संपला तेव्हा रेंजर्सच्या खात्यात ७५ विजय आणि ८७ पराभव होते आणि आपल्या गटात ते शेवटचे होते. ओरिओल्सचे ६९ विजय, ९३ पराभव.

१८९७ चेही तसेच. बारा संघांच्या त्या लीगमध्ये ३६ धावा करणारा शिकागो नववा आला आणि मार खाणारा लुइव्हिल अकरावा. यावरून 'मोठी धावसंख्या दुबळे संघच करतात' असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो टाळावा, कारण उलट दाखलेही आहेत. ८ जून १९५० रोजी बॉस्टन रेड सॉक्सने सेंट लुइस ब्राउन्सवर २९-४ असा विजय मिळवला, आणि तो संघ त्या वर्षी ९४ सामने जिंकून तिसरा आला. २०२० साली २९ धावा करणाऱ्या अटलांटाने तर गटविजेतेपद मिळवले. एवढेच म्हणता येते, की एका दिवसाच्या अवाढव्य आकड्यावरून संघाच्या कुवतीचा अंदाज बांधता येत नाही. त्या संध्याकाळी दोन्ही संघांत लगेच दुसरा सामनाही झाला आणि रेंजर्सनी तो ९-७ असा जिंकला. गुणतक्त्यात ३०-३ ची किंमत एक विजय आणि ९-७ चीही एकच.

हरणाऱ्यांचे काम

एकतर्फी सामन्यात सगळ्यांची नजर धावा करणाऱ्यांवर असते. मी गोलंदाजांचा रकाना वाचायला सांगेन. ओरिओल्सचे चार गोलंदाज. डॅनियल कब्रेरा : पाच डाव, सहा धावा. ब्रायन बरेस : दोन गडी बाद, आठ धावा. रॉब बेल : चार गडी बाद, सात धावा. पॉल शुई : दोन डाव, नऊ धावा. बेरीज तीस. बरेसच्या त्या दिवसाचा हिशेब नऊ डावांच्या मापाने मांडला तर १०८ धावा होतात. आकडा गणिताने बरोबर आहे, पण त्यातून बरेसबद्दल काहीही कळत नाही.

क्रिकेटमध्ये अशा वेळी दोन वाटा असतात. पुढे असलेला कर्णधार डाव घोषित करतो किंवा मागे पडलेला संघ सामना सोडून देतो. आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असताना काठियावाडने सामना सोडला. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून नऊ धावा दूर. काठियावाडची सुटका झाली, त्याची किंमत निंबाळकरांनी मोजली. ज्यांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही, त्यांच्याकडून त्या नऊ धावाही गेल्या.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये या दोन्ही वाटा बंद आहेत. डाव घोषित करता येत नाही. वेळ संपण्याचा प्रश्न नाही, कारण खेळ घड्याळावर चालत नाही. शाळकरी सामन्यांत असतो तसा ठरावीक फरकानंतर सामना थांबवण्याचा नियम या श्रेणीत नाही. सत्तावीस गडी बाद झाल्याशिवाय घरी जाता येत नाही, मग फलक काहीही दाखवो. आणि त्या दिवशी ओरिओल्सपुढे दुसरा सामनाही होता. चांगले, ताजे गोलंदाज हरलेल्या सामन्यात खर्च केले तर संध्याकाळी टाकणार कोण? म्हणून कोणाला तरी मैदानात उभे राहून मार खावा लागणार होता.

ते काम शेवटी शुईकडे आले. त्याचे वय छत्तीस. दुखापतींमुळे तीन पूर्ण हंगाम वाया गेल्यावर तो त्याच वर्षी परतला होता. आठव्या डावात बेलला एकही गडी बाद करता येईना, तेव्हा त्याला आणले आणि सामना संपेपर्यंत तिथेच ठेवले. त्याने सहा गडी बाद केले. या सहा गड्यांमुळे ओरिओल्सचे इतर गोलंदाज संध्याकाळसाठी शिल्लक राहिले. या कामासाठी धावपत्रकात रकाना नाही. शुईच्या नावावर राहिल्या त्या नऊ धावा.

आता अशा वेळी गोलंदाज नसलेल्या एखाद्या खेळाडूलाच चेंडू देण्याची पद्धत पडली आहे. ती इतकी वाढली, की २०२३ पासून तिच्यावर बंधने घालावी लागली : संघ आठ किंवा अधिक धावांनी मागे असेल तर केव्हाही, आणि दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल तर फक्त नवव्या डावात. हरलेला सामना पूर्ण करणे हे कोणाला तरी करावे लागणारे काम आहे, याची ही नियमपुस्तकाने उशिरा दिलेली कबुलीच म्हणायची.

वाचवले ते काय?

आता लिटलटनकडे येतो. सातव्या डावाच्या सुरुवातीला तो आला तेव्हा फलक १४-३ होता. त्याने तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. मग त्याला 'सेव्ह' कसा मिळाला?

'सेव्ह'चा जनक जेरोम होल्ट्झमन हा शिकागोचा क्रीडापत्रकार. १९५९ साली पिट्सबर्गचा राखीव गोलंदाज एलरॉय फेस याच्या नावावर १८ विजय आणि एक पराभव लागला. सगळे थक्क झाले. होल्ट्झमनला मात्र हा आकडा फसवा वाटला. सामन्याच्या शेवटी येणारा गोलंदाज आधी आघाडी घालवतो, मग त्याचेच फलंदाज ती परत मिळवतात, आणि विजय लागतो तो त्याच्या नावावर. ज्याने आघाडी जपली त्याच्या पदरात काहीच पडत नाही. हा अन्याय दूर करायला होल्ट्झमनने नवा रकाना सुचवला. १९६९ मध्ये तो अधिकृत झाला आणि १९७५ मध्ये त्याला आजचे रूप आले. या नियमानुसार, आघाडी लहान असताना आलेल्या गोलंदाजाने ती टिकवली तर सेव्ह मिळतो. त्याला एक पोटकलम आहे : शेवटचे किमान तीन डाव ज्याने परिणामकारकपणे टाकले, त्याला आघाडी कितीही असली तरी सेव्ह मिळावा.

लिटलटन या पोटकलमात बसला. एक फसवा आकडा दुरुस्त करायला निघालेल्या नियमाने दुसरा विनोदी आकडा जन्माला घातला, एवढ्यावर थांबता येईल. पण तो दिवस दोन सामन्यांचा होता, हे विसरू नये. रेंजर्सनी पहिला पूर्ण सामना फक्त दोन गोलंदाजांवर काढला : गॅबार्डचे सहा डाव, लिटलटनचे तीन. बाकी सगळ्यांचे खांदे दुसऱ्या सामन्यासाठी ताजे राहिले, आणि तो सामना दोनच धावांच्या फरकाने सुटला. दुसरा विजय लिटलटनमुळे मिळाला असे मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. पण त्याने सहकाऱ्यांचे श्रम वाचवले, हे धावपत्रकावरूनच सिद्ध होते. शुईने हरणाऱ्या बाजूने नेमके हेच काम केले. एकाच्या कामाला नियमात योगायोगाने नाव सापडले, दुसऱ्याच्या कामाला सापडले नाही.

'१८९७ नंतर'

शेवटचा मुद्दा त्या एका शब्दप्रयोगाचा. २००७ च्या सामन्याचे वर्णन '१८९७ नंतरची सर्वोच्च धावसंख्या' असे केले जाते. या वाक्यात कोणत्या सामन्यांची गणती धरली आहे?

१८९७ च्या त्या शिकागो संघाचा प्रमुख होता कॅप ॲन्सन. एकोणिसाव्या शतकातला हा सर्वांत नामांकित खेळाडू. शिकागोतली त्याची कारकीर्द त्याच हंगामाअखेर संपली. त्याने एकूण किती फटके मारले यावर अजून वाद आहे, कारण १८८७ या एका वर्षी फुकट मिळालेला बेसही फटका म्हणून मोजला जात होता. त्याच्या नावाशी दुसरी गोष्टही कायमची जोडलेली आहे. १८८३ मध्ये टोलेडो संघातल्या मोझेस फ्लीटवुड वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळायला त्याने आक्षेप घेतला. सामन्याचे उत्पन्न बुडेल असे दिसल्यावरच तो खेळला. १८८७ मध्ये नेवार्कला पुन्हा तोच प्रकार झाला आणि जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय गोलंदाज त्या सामन्यात उतरला नाही. वर्णभेदाची ती रेषा ॲन्सनने एकट्याने ओढली असे नाही, पण त्याच्या वजनाने ती पक्की झाली. वरच्या श्रेणीचे दार १८८४ नंतर कृष्णवर्णीयांना बंद राहिले ते १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत.

मधल्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंनी स्वतःच्या लीग चालवल्या. त्यांचे सामने 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' अशा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून छापून येत, पण नियमितपणे नाही आणि पूर्ण धावपत्रकासह तर नाहीच. बेसबॉलच्या कोणत्या लीगना 'प्रमुख' म्हणायचे हे ठरवायला १९६८-६९ मध्ये एक समिती नेमली गेली. तिने सहा लीग मान्य केल्या. कृष्णवर्णीयांच्या लीगचा तिने विचारच केला नाही. सेव्ह अधिकृत झाला तेही वर्ष १९६९. एका गोलंदाजावरचा अन्याय दूर करण्यासाठी नवा रकाना उघडणाऱ्या व्यवस्थेला हजारो खेळाडूंची अख्खी वही दिसली नाही.

ती दुरुस्ती व्हायला अर्धे शतक लागले. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात लीगना 'प्रमुख' हा दर्जा मिळाला आणि सुमारे ३,४०० खेळाडू दप्तरात आले. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत आकडेवारीत मिसळले गेले आणि जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीने टाय कॉबच्या ०.३६७ च्या पुढे, सर्वकाळच्या यादीत पहिला आला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला होता, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी. हे आकडे कसे जमले? हौशी आणि व्यावसायिक संशोधकांनी अनेक वर्षे जुन्या वर्तमानपत्रांच्या सूक्ष्मचित्रफिती चाळून एकेक धावपत्रक शोधले. तरीही त्या काळातल्या सामन्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश नोंदी तेव्हा हाती लागलेल्या नव्हत्या.

म्हणून '१८९७ नंतरची सर्वोच्च' हे विधान २००७ साली जितक्या खात्रीने छापले गेले, तितक्या खात्रीने आज मी ते लिहिणार नाही. ते खोटे आहे असा माझा दावा नाही. 'ज्या सामन्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, टिकल्या आणि मान्य झाल्या, त्यांत सर्वोच्च' एवढेच म्हणता येते. वाक्य लांबते, मथळ्यात बसत नाही, पण प्रामाणिक होते.

चॅडविकची श्रद्धा होती, की नीट मोजले म्हणजे न्याय होतो. दीडशे वर्षांनंतर त्या श्रद्धेला एक पुरवणी जोडावी लागते : काय मोजायचे आणि कोणाचे मोजायचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. तीस हा आकडा मोठा असल्याने आपोआप लक्षात राहील. त्याच पानावर पॉल शुईने बाद केलेले सहा गडी आहेत. त्यांची दखल घ्यायला वाचणाऱ्याला रकान्यांबाहेर पाहावे लागते. आणि ज्या सामन्यांचे पानच उरले नाही, त्यांचा शोध घेणारे लोक अजूनही जुनी वर्तमानपत्रे चाळत आहेत.